कुणाचंही गाठोडं सोडणारं ॲप

आमच्या ऑफिसात बग लिहून ठेवायला एक्सेलची शीट आहे. कधी सापडला, कोणी शोधला, कोणी दुरुस्त केला, सगळे रकाने अगदी व्यवस्थित. पण माणसांचा येडेपणा लिहून ठेवायला कुठलीच शीट नाही. त्यामुळे तो सगळा माझ्या डोक्यात साठत गेला. चहाला बसलं की मैत्रिणी विचारतात, "वैशाली, आज काय नवीन?" आणि रोज काहीतरी नवीन असतंच! आता इतकं साठलंय की कुणाला तरी सांगून मोकळं झाल्याशिवाय मला दुसरं काही सुचायचं नाही.

ऑफिस म्हणजे नगरला, सावेडीत, टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्या. मालक गोरे सर. प्रोग्रॅम लिहिणारा मुख्य माणूस प्रसन्न. तो आठ वर्षं पुण्यात काढून आलाय आणि हे तो दर अर्ध्या तासाने सांगतो. मी टेस्टर. म्हणजे दुसऱ्याने केलेलं काम तपासायचं, चुका दाखवायच्या आणि त्याबद्दल बोलणी खायची.

आम्ही एका साखर कारखान्यासाठी 'हाळी' नावाचं निरोपांचं ॲप बनवत होतो. उद्या अमुक गावात, अमक्याच्या उसात जा, असा निरोप कारखान्याने ऊसतोड टोळीच्या मुकादमाला पाठवायचा. मुकादमाने तो मोबाईलवर वाचायचा आणि टोळी हलवायची. कारखान्याच्या गावोगावच्या गट ऑफिसांतल्या कॉम्प्युटरवरही हेच ॲप बसणार होतं.

आता एक गोष्ट आधीच सांगते. माझे नामदेवमामा तिसगावचे, आणि अशाच एका टोळीचे मुकादम आहेत. त्या टोळीत माझी मामेबहीण आहे, तिचा नवरा आहे, तिची दोन लहान पोरं आहेत. प्रसन्नच्या तोंडी सारखं 'युजर, युजर' असायचं. माझ्या डोळ्यांपुढे मामांचा काच तडकलेला मोबाईल असायचा.

*

पहिला किस्सा कोड तपासताना घडला.

निरोप पाठवायचा तर त्याचं आधी गाठोडं बांधावं लागतं. पलीकडे पोचलं की ते सोडून आतलं सामान पुन्हा होतं तसं मांडावं लागतं. टोळी निघताना कोपी, म्हणजे राहायची झोपडी, मोडून ट्रॉलीत टाकते आणि उसाच्या नव्या फडावर जाऊन परत उभी करते ना, तसंच. या सोडून मांडण्याला आमच्या धंद्यात डीसिरियलायझेशन म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका, काम तेवढंच आहे.

फक्त गाठोडं सोडताना आत खरंच निरोप आहे की भलतंच काही आहे, हे बघायला हवं. प्रसन्नच्या कोडमध्ये ते बघणंच नव्हतं! कुणाचंही गाठोडं येऊ दे, सोडायचं. आत 'हे चालव' असं असेल तर चालवायचं. मोबाईलमधले फोटो पाठव म्हटलं तर फोटो पाठवायचे. कारखान्याच्या नावाने खोटा निरोप दाखव म्हटलं तर तोही दाखवायचा. म्हणजे कुणी खोडसाळपणा केला तर टोळी पोराबाळांसकट भलत्याच तालुक्यात जाऊन उभी राहणार.

मी प्रसन्नला विचारलं, "कुणी वाकडं काही पाठवलं तर?"

"कोण पाठवणार? वैशाली, हे बँकेचं ॲप नाहीये. ऊसतोडवाले वापरणार आहेत. त्यांना हॅक करून कुणाला काय मिळणार? कोयता?"

सगळे हसले. गोरे सर सगळ्यांत मोठ्याने हसले. मला इतका राग आला की त्या दिवशी डबा न उघडता घरी नेला.

मी शीटमध्ये नोंद केली: 'अत्यंत गंभीर. कुणाचंही गाठोडं न तपासता उघडलं जातं.' दुसऱ्या दिवशी शेजारच्या रकान्यात प्रसन्नचा शेरा होता, "ही चूक नाही. हा आपल्या ॲपचा मोकळेपणा आहे!"

*

सांगून पटत नाही म्हटल्यावर करून दाखवायचं ठरवलं. सरांच्या लॅपटॉपवर हाळी सुरू केलं आणि त्यांना समोर बसवलं. निरोप साधाच होता, 'नमस्कार सर'. पण गाठोड्यात मी एक हुकूम बांधला होता: कॅल्क्युलेटर उघड.

"सर, दोन्ही हात वर करा. कशालाही हात लावू नका."

सरांनी शाळेतल्यासारखे हात वर केले. मी माझ्या टेबलावरून निरोप पाठवला. सरांच्या स्क्रीनवर टपकन कॅल्क्युलेटर उघडला.

"बघितलंत? तुम्ही काहीही केलं नाहीत. मी नुसता निरोप पाठवला आणि तुमच्या लॅपटॉपवर मला हवा तो प्रोग्रॅम चालू झाला. कॅल्क्युलेटरच्या जागी काहीही असू शकलं असतं."

सरांनी वाकून स्क्रीनकडे बघितलं. हात अजून वरच होते. मग त्यांनी मान वळवून हाक मारली, "प्रसन्न! हे मला आधी का नाही सांगितलंस?"

मला वाटलं, सुटलो एकदाचे. देव पावला. तोच सर पुढे म्हणाले,

"आपल्या ॲपमध्ये कॅल्क्युलेटर पण दिलाय!"

पुढच्या आठवड्यात माहितीपत्रक छापून आलं. त्यात सहाव्या क्रमांकावर ठळक अक्षरांत होतं, 'आपोआप उघडणारा कॅल्क्युलेटर'. मी ते पत्रक अजून जपून ठेवलंय. कुणाला खोटं वाटलं तर दाखवते.

*

मी रोज तेच तेच म्हणत राहिले, तेव्हा प्रसन्न वैतागला आणि त्याने एकदाची दुरुस्ती केली. हेडफोन गळ्यात अडकवून स्वतः सांगायला आला. "घे. आता फक्त कारखान्याकडून आलेलं गाठोडंच उघडेल. खूश?"

मी खरंच खूश झाले. म्हटलं, चला, माणसाला अक्कल आली. मग विचारलं, "कारखान्याकडून आलंय हे ॲप ओळखतं कसं?"

"गाठोड्यावर लिहिलेलं असतं ना!"

"काय लिहिलेलं असतं?"

"'मी कारखाना.'"

मी खुर्चीतून उठलेसुद्धा नाही. नवीन गाठोडं बांधलं, त्यावर 'मी कारखाना' असं लिहिलं आणि प्रसन्नच्याच मशीनवर पाठवलं. कॅल्क्युलेटर उघडला. मग मी लागोपाठ आणखी अकरा गाठोडी पाठवली. त्याची स्क्रीन कॅल्क्युलेटरांनी भरून गेली.

प्रसन्न एकेक बंद करत होता. त्याचा चेहरा खरोखरच दुखावल्यासारखा झाला होता. आठ वर्षं पुण्यात काढलेला माणूस मला म्हणाला, "पण वैशाली, तू खोटं बोललीस!"

*

गणपतीत तर कहर झाला. प्रसन्नच्या डोक्यात आलं की ॲपमध्ये हे भोक आहेच, तर त्याचा चांगला उपयोग करू. त्याने शुभेच्छांचं एक गाठोडं बनवलं. उघडलं की स्क्रीनभर गणपती, चारी बाजूंनी झेंडूची फुलं आणि वर मोठ्या आवाजात सनई-चौघडा. कुणी काही दाबायची गरज नाही, सगळं आपोआप! मला न दाखवता त्याने ते सकाळी साडेदहाला कारखान्याच्या सगळ्या गट ऑफिसांना पाठवून दिलं, कारण तिथे चाचणीसाठी हाळी बसवलेलं होतं.

अकरा वाजता काळे साहेबांचा फोन आला. काळे साहेब कारखान्याचे शेतकी अधिकारी. माणूस सरळ, आवाज दमदार. सरांनी फोन स्पीकरवर टाकला.

"गोरे, ते वाजतंय ते बंद करा!"

"काय झालं साहेब?"

"गट ऑफिसात शोकसभा चाललीय आमची! जुने संचालक वारलेत. फोटोला हार घातला, सगळे उभे राहिले, दोन मिनिटं शांतता म्हटलं, आन् कॉम्प्युटरवर सनई सुरू झाली!"

"साहेब, ती तीस सेकंदांत थांबेल," प्रसन्न मधेच बोलला.

"अर्धा तास झाला! वायर उपटली तर आता बॅटरीवर वाजतंय. त्यांचा थोरला मुलगा माझ्याकडे बघतोय हो!"

मी डोक्याला हात लावला. प्रसन्न खाली बघायला लागला. आता सर माफी मागतील, असं मला वाटलं. सर फोनजवळ वाकले आणि अदबीने म्हणाले, "पण साहेब, आवाज क्लिअर येतोय ना?"

*

त्या सनईचा एक फायदा झाला. काळे साहेबांनी लेखी कळवलं की ॲप सुरक्षित असल्याचा दाखला द्या, त्यावर ज्याने तपासलंय त्याची सही पाहिजे, त्याशिवाय मुकादमांच्या मोबाईलमध्ये काही जाणार नाही. तपासणारी मी. म्हणजे सगळं माझ्या सहीवर येऊन थांबलं.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. एरवी माझा चहा मीच करून घेते. "वैशाली, सही करून टाक. हंगाम सुरू झाला की दुरुस्त करू."

"भोक बुजवा, लगेच करते. चार दिवसांचं काम आहे, सर. गाठोड्यात फक्त निरोप असेल तरच घ्यायचं, बाकी सगळं फेकून द्यायचं, एवढंच करायचंय."

सरांनी प्रसन्नला विचारलं. प्रसन्न म्हणाला की आत्ता वेळ नाही, तो दुसऱ्या महत्त्वाच्या कामात आहे. ते महत्त्वाचं काम पाच दिवसांनी पूर्ण झालं. ॲप उघडताना जे कुलपाचं चित्र दिसायचं, ते त्याने मोठं करून हिरवं केलं होतं!

"आता बघ कसं सेफ वाटतंय," सर म्हणाले आणि दाखल्याचा कागद माझ्यापुढे सरकवला.

मी नाही म्हणाले. सरांचा आवाज बदलला. "मुकादमांच्या मेळाव्यात ॲप द्यायचंय, तोपर्यंत विचार कर. नसेल करायची सही, तर नंतर दुसरीकडे बघ."

खोटं कशाला सांगू, मी घाबरले. नगरमध्ये टेस्टरच्या नोकऱ्या काही वाटेवर पडलेल्या नाहीत. पण त्या हिरव्या कुलपाकडे बघितलं की भीतीपेक्षा राग जास्त यायचा.

*

रविवारी तिसगावला गेले. मामांची निघायची तयारी चालली होती. अंगणात कोयत्यांना धार लावून ठेवलेली, पत्रे बांधलेले, मामेबहीण पोरांचे कपडे पोत्यात भरत होती. मी मामांना सगळं सांगितलं. भोक काय, गाठोडं काय, 'मी कारखाना' काय. जे गोरे सरांना तीन महिन्यांत कळलं नाही, ते मामांना चहा संपायच्या आत कळलं.

"म्हंजी कुनी बी गाठोडं टाकायचं दारात, आन् यांनी बगितल्याबिगर सोडायचं?"

"हो."

"आगं, आमी सोताचं गाठोडं सोडतो तरी आदी काठीनं धोपटतो. धा तासाचा परवास केलेला असतोय, आत इच्चू शिरलेला असतोय. ल्हान पोरं आसत्यात जवळ." मग त्यांनी मनापासून विचारलं, "तुमच्या हापिसात कुनाला इच्चू चावला न्हाई का आजून?"

मी हसले, आणि मग सहीचं सांगितलं. मामा कोयत्याची धार अंगठ्याने बघत म्हणाले, "नोकरी तुजी हाय, पोरी. तुला करावं लागलं तर कर. आमाला कुठं समजतंय त्यातलं." ते असं म्हणाले म्हणूनच मला जास्त लागलं.

सोमवारी मीटिंगमध्ये मी विंचवाचं सांगितलं. प्रसन्न म्हणाला, "आता सिक्युरिटीचं आपण गावाकडून शिकायचं का?" सरांनी मात्र लक्ष देऊन ऐकलं. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "तुझे मामा फेटा बांधतात का गं? मेळाव्याच्या फोटोत छान दिसतील."

*

मेळावा दसऱ्याच्या आधी, कारखान्याच्या हॉलमध्ये झाला. मुकादम झाडून सगळे आले होते. सगळ्यांसमोर हाळीचं उद्घाटन आणि लगेच तिथेच प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ते बसवायचं, असा बेत होता. मी सही केली नव्हती, म्हणून सरांनी मला स्टेजवर येऊ नको म्हणून बजावलं होतं. मी मागे दारापाशी उभी होते.

काळे साहेबांनी दाखला हातात घेतला, चष्मा लावला. "यावर तपासणाऱ्याची सही नाही."

"ती जरा रजेवर आहे," सर म्हणाले. मी दारातच होते! "काही अडचण नाही, मालक म्हणून मी करतो." आणि त्यांनी खिशातून पेन काढून सगळ्यांदेखत झोकात सही ठोकली. तीन आठवडे मी जी सही अडवून धरली होती, ती या माणसाने तीन सेकंदांत करून टाकली होती.

सरांनी माईक हातात घेतला. "आता सर्व मुकादमांनी आपापले मोबाईल बाहेर काढा!"

मोबाईल निघाले. मामांनीही बंडीच्या खिशातून आपला काढला आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी नुसती मान हलवली, नाही म्हणून. मामा उठून उभे राहिले.

"सायेब, येक इचारू का?"

सरांना फेटा दिसला. त्यांनी फोटोग्राफरला खूण केली आणि हसून म्हणाले, "विचारा की मामा, विचारा!"

"आमच्यात येक रीत हाय. नव्या फडावर गेलं की तितल्या हिरीचं पानी आदी मुकादम पेतो. त्येला काय झालं न्हाई, तर मंग टोळी पेती, बायामानसं पेत्यात, पोरं पेत्यात." हॉलमध्ये बऱ्याच फेट्यांनी माना डोलावल्या. "तवा ही तुमची हिर हाय. तुमी आदी तुमच्या मोबाईलमदी टाका. आमी बगतो. मंग टाकतो."

काळे साहेबांनी चष्मा काढला आणि सरांकडे वळले. "बरोबर बोलतायत ते. टाका की गोरे. दोन मिनिटांचं काम."

सरांचा मोबाईल समोर टेबलावरच होता. त्यांनी तो उचलला आणि प्रसन्नकडे बघितलं. प्रसन्न टेबलाखाली वाकून लॅपटॉपची वायर शोधत होता. वायर लावलेलीच होती. फोटोग्राफर कॅमेरा डोळ्याला लावून थांबला होता. सरांनी पुन्हा एकदा मोबाईलकडे बघितलं, तो कोटाच्या आतल्या खिशात घातला, आणि दुसऱ्या हातात माईक चालू आहे हे विसरून प्रसन्नवर खेकसले,

"अरे, माझ्या मोबाईलमध्ये कसं टाकणार? यात माझ्या घरच्यांचं सगळं आहे!"

हॉलच्या बाहेर ट्रॅक्टरजवळ उभ्या असलेल्या ड्रायव्हरांनाही ते ऐकू गेलं.

मामांनी आपला मोबाईल बंडीच्या खिशात परत ठेवला. खिशाचं बटण लावलं. मग अजिबात न रागावता त्यांनी विचारलं,

"मंग आमच्या मोबाईलमदी काय शेजाऱ्याचं हाय व्हय?"